डोक्यावरून पदर घेतलेली राणी

माझे आजोबा, आईचे वडील, मुंबईच्या टांकसाळीत कामाला होते. फोर्टात रिझर्व्ह बँकेसमोर आहे, तीच टांकसाळ. सगळे त्यांना नाना म्हणत. राजाराणीच्या गोष्टी सांगण्याचा त्यांचा स्वभाव नव्हता, पण एका राणीबद्दल मात्र ते भरभरून बोलत. दुसरं महायुद्ध सुरू होतं. १९४०-४१च्या सुमाराला टांकसाळीत एक परकं नाणं पाडायचं काम आलं. चांदीचं, आपल्या रुपयाच्या जवळजवळ अडीचपट वजनाचं. एका अंगाला दोन डोक्यांचा गरुड, दुसऱ्या अंगाला भरल्या देहाची, प्रौढ वयाची बाई. आणि साल १७८०. बाहेर १९४१ चालू असताना प्रत्येक नाण्यावर १७८० उमटत होतं, आणि त्यात काही चूक नाही असं साहेबाने बजावून सांगितलं होतं. बाईचं नाव कामगारांना वाचता येत नव्हतं. तिच्या डोक्यावरून मागे पातळसं वस्त्र सोडलेलं होतं, म्हणून सगळे तिला 'पदरवाली' म्हणायचे. तिच्या खांद्यावरच्या पिनेला नऊ मोती होते आणि ते नीट उठलेच पाहिजेत, यावर फार कटाक्ष. मोती पुसट आले की नाणं परत वितळवायला जायचं.

आईचा जन्म १९४१चा. त्यामुळे पदरवालीची गोष्ट तिच्याच जन्मकथेचा भाग असल्यासारखी आमच्या घरात सांगितली जायची. ही बाई कोण, कुठली, हे नानांना अखेरपर्यंत कळलं नाही. मला कॉलेजात कळलं. ती मारिया तेरेसा. ऑस्ट्रियाची, हंगेरीची, बोहेमियाची राणी, हाब्सबुर्ग घराण्याची. १७८० हे तिच्या मृत्यूचं वर्ष. अरबस्तान, येमेन, इथिओपिया या भागांतल्या व्यापाऱ्यांचा तिच्या याच छापावर इतका विश्वास बसला होता की नवं साल घातलेलं नाणं ते घेईनात. म्हणून ती गेल्यावरही तेच साल ठेवून नाणी पाडत राहावं लागलं. १९३५मध्ये मुसोलिनीने व्हिएन्नाकडून त्याचे ठसे मिळवले, कारण त्याला इथिओपिया घ्यायचा होता. मग इंग्रजांनीही स्वतःचे ठसे करून घेतले आणि युद्धात पूर्व आफ्रिकेतल्या फौजेच्या खर्चासाठी ते काम मुंबईवर आलं. हे सगळं मी नानांना सांगेपर्यंत ते राहिले नव्हते.

आणि तो पदर विधवेचा होता. नवरा गेल्यानंतर तिने जो काळा वेष घेतला तो पुढची पंधरा वर्षं उतरवला नाही.

गेल्या वर्षी कामानिमित्त व्हिएन्नाला जायचा योग आला. मोकळ्या दुपारी लोक तिथे राजवाडे बघतात. मी आधी तळघरात गेले. शहराच्या ऐन मध्यात, नॉयर मार्क्ट नावाच्या चौकात, कापुचिन साधूंचं अगदी साधं चर्च आहे. त्याखाली हाब्सबुर्गांची दफनभूमी. सम्राज्ञी आना हिने १६१८च्या मृत्युपत्रात त्यासाठी तरतूद केली आणि १६३३मध्ये ती आणि तिचा नवरा माथियास यांना इथे आणलं. तेव्हापासून सुमारे दीडशे माणसं इथे आली, त्यांत बारा सम्राट. पायऱ्या उतरताना थंडी एकदम हाडांत शिरली. ओळीने धातूच्या पेट्या. काही साध्या, काही इतक्या नक्षीदार की डोळा ठरत नाही. मारिया तेरेसाच्या वडिलांच्या पेटीवर एक कवटी आहे आणि कवटीच्या डोक्यावर साम्राज्याचा मुकुट. मी तिच्यासमोर बराच वेळ उभी होते.

पण मन तिथे रमलं नाही, ते लहान पेट्यांत अडकलं. हातभर लांबीच्या, दीड हाताच्या. वर्षाच्या आत गेलेली, तीन-चार वर्षांची होऊन गेलेली मुलं. नावं वाचत गेले तर मारिया, मारिया, मारिया. पुढे दुसरं नाव असतं, पण पहिलं तेच. मारिया तेरेसाला सोळा मुलं झाली, त्यांत अकरा मुली, आणि अकराही जणींच्या नावाची सुरुवात मारियाने. एका ठशातून निघाव्यात तशा. त्या क्षणी मला टांकसाळ आठवली आणि ती मनातून जाईना.

हाब्सबुर्गांचा इतिहास वाचायला बसलं की आधी पुरुषच भेटतात. आजच्या स्वित्झर्लंडातल्या आरगाऊ प्रांतात एका टेकडीवर अकराव्या शतकात बांधलेली छोटी गढी, तिचं नाव हाब्सबुर्ग. तिथला रुडॉल्फ १२७३मध्ये जर्मन राजा म्हणून निवडला गेला, त्याने १२७८मध्ये बोहेमियाच्या ओटोकारला लढाईत हरवलं, १२८२मध्ये ऑस्ट्रिया आपल्या मुलांना दिलं. तिथून १९१८पर्यंत, म्हणजे सहाशेहून जास्त वर्षं, हे घराणं व्हिएन्नाच्या गादीशी जोडलेलं राहिलं. इतका लांबचा पल्ला युरोपात फार थोड्यांनी गाठला. पण रुडॉल्फची ती लढाई सोडली तर त्यांच्या हातात आलेला बहुतेक मोठा मुलूख तलवारीने आलेला नाही. त्यांच्याबद्दल एक लॅटिन ओळ प्रसिद्ध आहे. तिचा अर्थ असा: लढाया इतरांना करू देत, हे भाग्यवान ऑस्ट्रिया, तू लग्नं कर.

ही ओळ सगळे कौतुकाने सांगतात. मीही वर्गात ती तशीच ऐकली होती. त्या तळघरात पहिल्यांदा विचार आला की लग्नं केली कुणी? म्हणजे बोहल्यावर उभं राहिलं कोण?

१५१५ सालच्या जुलैतला एक समारंभ सांगते. स्थळ व्हिएन्नाचं सेंट स्टीफन चर्च. सम्राट माक्सिमिलियान छप्पन्न वर्षांचा. त्याला हंगेरी आणि बोहेमियाच्या राजघराण्याशी दुहेरी सोयरीक करायची होती. त्याची नात मेरी, वय नऊ, तिकडच्या राजपुत्राला द्यायची. आणि तिकडची राजकन्या आना, वय बारा, आपल्या एका नातवासाठी आणायची. पण कोणत्या नातवासाठी, कार्लसाठी की फर्डिनांडसाठी, हे अजून ठरलेलं नव्हतं. मग आजोबा स्वतःच वेदीपुढे उभे राहिले. नातवांपैकी कुणाशी ठरलेल्या मुदतीत लग्न झालं नाही तर तेच तिचे पती, असा करार. बारा वर्षांची मुलगी छप्पन्न वर्षांच्या माणसाशेजारी उभी आहे आणि तिला आपला नवरा कोण हे माहीत नाही. पुढे फर्डिनांडशी तिचं लग्न झालं आणि संसार चांगला झाला, हे तिचं नशीब. १५२६मध्ये तिचा भाऊ मोहाचच्या लढाईत तुर्कांपुढे हरून पळताना मेला आणि हंगेरी-बोहेमियावरचा हक्क हाब्सबुर्गांकडे आला. मध्य युरोपातलं त्यांचं साम्राज्य त्या दुपारच्या समारंभातून उभं राहिलं. त्या लढाईत गेलेला हा राजा मेरीचा नवरा होता. ती विशीत विधवा झाली. पुन्हा लग्न कर म्हणून माहेरच्यांनी तिला खूप गळ घातली, ती बधली नाही. तिने पुढे चोवीस वर्षं नेदरलँड्सचा कारभार पाहिला.

नकार द्यायचं बळ तिला कदाचित तिच्या आत्याकडून मिळालं असेल. मार्गारेट. या घराण्यातली मला सगळ्यात जवळची वाटणारी बाई. माक्सिमिलियानची मुलगी. तीन वर्षांची असताना फ्रान्सच्या भावी राजाची वधू म्हणून तिला तिकडे पाठवलं. ती तिथेच वाढली, राणी व्हायचं शिकली आणि अकरा वर्षांची असताना त्या राजाने दुसऱ्याच बाईशी लग्न केलं, कारण तिच्याकडे ब्रिटनी हा प्रांत होता. मार्गारेटला लगेच परतही पाठवलं नाही, दोन वर्षं ठेवून घेतलं. मग स्पेनच्या युवराजाशी लग्न. त्याच्याकडे जाताना समुद्रात वादळ झालं, तेव्हा तिने स्वतःचा मृत्युलेख रचला असं सांगतात: इथे मार्गो निजली आहे, दोनदा लग्न होऊनही कुमारीच राहिलेली. सतरा वर्षांच्या मुलीला ते सुचलं. युवराज सहा महिन्यांत गेला. नंतर सव्हॉयचा ड्यूक, ज्याच्यावर तिने खरंच जीव लावला. तोही तीन वर्षांत गेला. वय चोवीस. चौथ्यांदा तिला इंग्लंडच्या राजाला द्यायचं घाटत होतं. ती नाही म्हणाली आणि त्या नाहीवर ठाम राहिली. मेकेलन शहरात राहून तिने नेदरलँड्स सांभाळलं, भावाची पोरकी मुलं वाढवली. त्यातला कार्ल पुढे सम्राट पाचवा चार्ल्स झाला. १५२९मध्ये फ्रान्स आणि हाब्सबुर्ग यांच्यातली लढाई थांबेना तेव्हा कांब्रे गावात तह झाला, तो तिने आणि फ्रान्सच्या राजमातेने, लुईजने, बसून केला. त्या दोघी नणंद-भावजय होत्या. लोक त्याला बायकांचा तह म्हणतात. नवऱ्याच्या स्मृतीसाठी ब्रू इथे तिने जे चर्च बांधवून घेतलं, तिथेच ती आहे.

स्पेनच्या शाखेबद्दल लिहिताना मात्र हात जड होतो. बाहेरच्या घरात मुलगी दिली की मुलूख बाहेर जायची भीती. मग मुली घरातच द्यायच्या. दुसऱ्या फिलिपने १५७०मध्ये जिच्याशी लग्न केलं ती आना त्याच्या सख्ख्या बहिणीची मुलगी. चौथ्या फिलिपने १६४९मध्ये जिच्याशी केलं ती मारियाना, तीही त्याच्या सख्ख्या बहिणीची मुलगी. दोघीही आधी या राजांच्या मुलांसाठी योजलेल्या होत्या. मुलगे वारले, तेव्हा बापाने ती जागा घेतली. आपल्याकडे भाचीला बोहल्यावर घेऊन येतो तो मामा. तिथे अंतरपाटाच्या पलीकडे मामाच उभा होता.

मारियानाची मुलगी मार्गारिटा हिला तुम्ही ओळखता. वेलास्केझने १६५६मध्ये काढलेल्या, माद्रिदच्या प्रादोमधल्या त्या जगप्रसिद्ध चित्रात मध्यभागी उभी असलेली, फुगीर झग्यातली पाच वर्षांची गोरी मुलगी. व्हिएन्नाच्या कलासंग्रहालयात तिची आणखी तीन चित्रं एकत्र आहेत. एकात तीन वर्षांची, गुलाबी झग्यात. दुसऱ्यात पाच वर्षांची, पांढऱ्या. तिसऱ्यात आठ वर्षांची, निळ्या. चित्रं तिथे का आहेत, तर नियोजित वराला मुलगी कशी वाढते आहे हे कळावं म्हणून ती पाठवलेली होती. वर म्हणजे सम्राट लिओपोल्ड, तिच्या आईचा सख्खा भाऊ. पुन्हा मामा. १६६६मध्ये, पंधराव्या वर्षी, ती व्हिएन्नाला आली. नवऱ्याला ती मामाच म्हणत असे. सहा वर्षांत चार बाळंतपणं, शिवाय गर्भपात, आणि १६७३च्या मार्चमध्ये, एकविसाव्या वर्षी, ती गेली. त्या तळघरात तिची पेटी आहे. सकाळी निळ्या झग्यातली आठ वर्षांची मुलगी बघून दुपारी तिची पेटी बघणं सोपं नव्हतं.

पण तिच्याबद्दल आणखी एक गोष्ट आहे आणि ती टाळली तर मी खोटं लिहीन. आपली मुलं जगत नाहीत याचा दोष मार्गारिटाने व्हिएन्नातल्या ज्यूंवर ठेवला आणि त्यांना हाकलून द्यावं म्हणून नवऱ्याच्या मागे लागली. १६७०मध्ये त्यांना शहराबाहेर काढलं गेलं. त्यांच्या वस्तीला राजाच्या नावावरून लिओपोल्डश्टाट म्हणू लागले, आजही म्हणतात. जिचं बालपण हिरावलं गेलं तिने शेकडो घरांचा उंबरठा हिरावला. दोन्ही खरं आहे.

तिचा धाकटा भाऊ, स्पेनचा दुसरा कार्लोस, त्या शाखेचा शेवटचा. लांब हनुवटी, नीट चावता न येणारे दात, दोन लग्नं होऊन मूल नाही, ३९ पुरं व्हायच्या आत १७००मध्ये मृत्यू. २००९मध्ये स्पॅनिश संशोधकांनी या घराण्याच्या वंशावळीतून रक्तसंबंधांचा हिशोब मांडला. सख्ख्या भावाबहिणीच्या अपत्यात जो आकडा ०.२५ येतो, तो कार्लोसच्या बाबतीत ०.२५४ निघाला. त्या बिचाऱ्याची टिंगल करणारं खूप लिहिलेलं आहे, मला ते वाचवत नाही.

या माद्रिदच्या शाखेचा आपल्या मुलखाशी संबंध आहे, हे शाळेत कुणी सांगितलं नव्हतं. १५८०मध्ये पोर्तुगालची गादी रिकामी झाली आणि आईकडून असलेल्या हक्काच्या जोरावर दुसऱ्या फिलिपने ती घेतली. तिथून १६४०पर्यंत, साठ वर्षं, गोवा, चौल, वसई, आणि वसईच्या अमलाखालची मुंबईची बेटं यांचा राजा हाब्सबुर्ग होता. १५९४मध्ये पोर्तुगीजांनी निजामशाहीकडून कोर्लईचा डोंगर घेतला तो याच फिलिपच्या नावाने. १६१६मध्ये गोव्यात रायतूरला फादर स्टीफन्सचं मराठी ख्रिस्तपुराण छापलं गेलं तेव्हा गादीवर होता तिसरा फिलिप, भाचीशी लग्न केलेल्या त्या मामाचा मुलगा. वसईच्या किल्ल्यात मी किती वेळा गेले असेन. त्या पडक्या भिंतींमागे हे नाव आहे याची कल्पना नव्हती.

१६४०च्या डिसेंबरात पोर्तुगीजांनी हाब्सबुर्गांना झुगारलं आणि ब्रागांझा घराणं गादीवर आणलं. नव्या घराण्याला स्पेनविरुद्ध कुणाचा तरी आधार हवा होता. तो कसा मिळवला? मुलगी देऊन. १६६१मध्ये कॅथरिन ब्रागांझाचं इंग्लंडच्या राजाशी लग्न ठरलं आणि हुंड्यात मुंबई गेली. १६६५मध्ये प्रत्यक्ष ताबा मिळाला, १६६८मध्ये राजाने ती कंपनीला वर्षाला दहा पौंड भाड्याने दिली. हे आपण सगळे प्रश्नमंजूषेतल्या माहितीसारखं सांगतो. मी ज्या शहरात जन्मले, नानांनी जिथे हयात घालवली, ते शहर एका मुलीसोबत आंदण दिलेलं आहे. त्या मुलीने ते कधी पाहिलं नाही.

आता पदरवालीकडे येते.

मारिया तेरेसाची पेटी घुमटाखाली आहे. वरून उजेड येतो, बाकी तळघरात तो नाही. पेटी दोघांची मिळून आहे, ती आणि फ्रान्सिस स्टीफन. झाकणावर दोघांचे धातूचे पुतळे, झोपेतून उठल्यासारखे कोपरावर रेललेले, एकमेकांकडे पाहणारे. बाल्थाझार मोल या शिल्पकाराने ते १७५४मध्ये घडवले, म्हणजे दोघं जिवंत असतानाच. पायाशी मुलगा दुसरा जोसेफ, अगदी साध्या तांब्याच्या पेटीत. आणि जवळच एका कोनाड्यात काउंटेस फुक्स, तिला लहानपणी वाढवणारी बाई. सगळ्या तळघरात घराण्याबाहेरची ही एकटीच. बाईंना इथेच ठेवायचं, हा मारिया तेरेसाचा हट्ट. हे वाचलं आणि नानांच्या पदरवालीबद्दल माया वाटली.

तिचं स्वतःचं लग्न प्रेमाचं होतं. लहानपणापासून मनात असलेल्या मुलाशी ते १७३६च्या फेब्रुवारीत झालं. त्यासाठी त्याला स्वतःचा लोरेन प्रांत सोडावा लागला. १७६५च्या ऑगस्टमध्ये तो अचानक गेला. तिने केस कापले, काळं नेसली आणि आपल्या प्रार्थनेच्या पुस्तकात हिशोब लिहून ठेवला: संसार २९ वर्षं, ६ महिने, ६ दिवस. त्याचे आठवडे केले १,५४०, दिवस १०,७८१, तास २,५८,७४४. एखादी विधवा रात्री एकटी बसून तासांचा गुणाकार करते आहे, हे चित्र डोळ्यांपुढून हलत नाही.

आणि याच बाईने आपल्या मुलींचं काय केलं?

नेपल्सच्या फर्डिनांडला एक मुलगी द्यायची ठरली होती. आधी योहाना. ती १७६२च्या डिसेंबरात देवीने गेली, बारा वर्षांची. मग योजेफा. १७६७च्या ऑक्टोबरात तिने निघायचं होतं, सगळी तयारी झाली होती. त्याच महिन्यात पंधरा तारखेला तीही देवीनेच गेली, सोळा वर्षांची. निघण्यापूर्वी आईने तिला याच तळघरात पूर्वजांच्या दर्शनाला आणलं, तिथे मे महिन्यात देवीने गेलेल्या भावजयीच्या पेटीजवळ तिला लागण झाली, अशी कथा पसरली. ती खरी नसावी. भेटीनंतर दोनच दिवसांत पुटकुळ्या दिसल्या, देवीला इतक्या लवकर उगवता येत नाही. पण आईच्या मनाला वैद्यकशास्त्र कुठे पुरतं. पुढच्याच वर्षी मारिया तेरेसाने डच वैद्य इंगनहाउझ याला बोलावून घरातल्या मुलांना देवी टोचून घेतल्या.

आणि नेपल्स? तिकडून विचारणा आली की दुसरी कोण आहे. अमालिया पाच वर्षांनी मोठी म्हणून नको झाली. मग कारोलिना. १७६८च्या एप्रिलमध्ये, पंधराव्या वर्षी, तिचं लग्न लागलं. एक नवरा, तीन बहिणी. योजेफाबद्दल तिच्या शिक्षिकेला आईने आधीच लिहिलं होतं की या मुलीकडे मी राजकारणाला दिलेला बळी म्हणूनच पाहते. देवाशी आणि नवऱ्याशी कर्तव्याने वागली तर ती दुःखी असली तरी माझं समाधान आहे. हे तिला कळत होतं! कळत नसतं तर मी तिला सहज माफ केलं असतं. कारोलिनाने नेपल्सहून त्याच शिक्षिकेला लिहिलं की ते पहिले दिवस पुन्हा काढण्यापेक्षा मरण पत्करेन, आणि लग्न काय असतं हे कळल्यामुळे अजून त्यातून जायच्या असलेल्या धाकट्या बहिणीची तिला दया येत होती.

त्या सगळ्या लग्नांत एकटी क्रिस्टिना मनासारख्या माणसाकडे गेली. तिचा जन्म आईच्या वाढदिवशीचा, ती आईची लाडकी, हे सगळ्या बहिणींना ठाऊक होतं. अमालियाचंही एकावर मन होतं, तिला १७६९मध्ये पार्माला धाडलं. तिने आईला कधी क्षमा केली नाही. एलिझाबेथ सगळ्यांत देखणी समजली जायची. देवीने तिचा चेहरा गेला आणि तिचं लग्नच झालं नाही. एकाच घरात, एकाच आईच्या हातून.

धाकटी बहीण म्हणजे मारिया अँटोनिया. १७७०च्या मे महिन्यात, चौदाव्या वर्षी, स्ट्रासबुर्गजवळ ऱ्हाइन नदीतल्या एका बेटावर तिला फ्रेंचांच्या हवाली केलं. त्यासाठी बेटावर खास लाकडी दालन उभारलं होतं. माहेरची माणसं तिथून परत फिरली. नाव बदललं, मरी आंत्वानेत झालं. आपल्याकडे नवरा तबकातल्या तांदळात अंगठीने नवं नाव लिहितो, ते मी लहानपणी फार हौसेने पाहत असे. त्या दालनात भिंतींवर जे विणलेले पडदे लावले होते त्यांवर जेसन आणि मेडिया यांच्या कथेची चित्रं होती, म्हणजे नवी नवरी विषारी वस्त्र घालून जळून मरते ती कथा. पुढे मोठा जर्मन कवी झालेला तरुण गोएथे तेव्हा स्ट्रासबुर्गला शिकत होता. त्याने ते पाहिलं आणि नवरीच्या पहिल्या पावलाशी कुणी असलं चित्र लावतं का म्हणून तो संतापला. बाकी कुणाच्या ते लक्षातही आलं नव्हतं. त्यानंतर दहा वर्षं आईची पत्रं येत राहिली. उपदेश, चौकशी, दरडावणी, मूल कधी होणार याची विचारणा. पॅरिसमधला राजदूत लेकीची प्रत्येक हालचाल आईला गुपचूप कळवत होता आणि आईला सगळं कसं समजतं याचं लेकीला नवल वाटायचं. आई १७८०मध्ये गेली. लेकीला १७९३च्या १६ ऑक्टोबरला गिलोटिनवर नेलं, ते आईने पाहिलं नाही, एवढंच.

कारोलिना परत आली. नेपल्समध्ये बंड, पलायन, सूड, सगळं करून, १८१४मध्ये व्हिएन्नाला. बहिणीच्या मृत्यूचा डंख तिच्या मनातून गेला नाही आणि १७९९मध्ये तिने नेपल्सच्या क्रांतिकारकांवर जी फाशीची सत्रं चालवली त्यांत तो दिसतो. तोवर तिची नात मरी लुईज हिला नेपोलियनला देऊन झालं होतं, त्याच फ्रान्समध्ये, आजीच्याच बहिणीचं डोकं उडवल्यानंतर सतरा वर्षांनी. दुसरी नात लिओपोल्डिना, ती ब्रागांझांच्या घरात गेली आणि ब्राझीलला पोहोचली. १८२२मध्ये नवरा दूर असताना स्वातंत्र्याच्या निर्णयावर तिने सही केली. ब्राझीलच्या झेंड्यातला हिरवा रंग ब्रागांझांचा आणि पिवळा तिच्या माहेरचा. १८२६मध्ये ती गेली, २९ वर्षांची. म्हातारी कारोलिना मात्र नेपोलियनचा मनापासून द्वेष करत असूनही मरी लुईजला म्हणाली असं सांगतात, की लग्न एकदाच होतं, तुला अडवलं असेल तर चादरी बांधून खिडकीतून उतर आणि नवऱ्याकडे जा. कारोलिना आता या तळघरातच आहे, आईपासून फार लांब नाही. तिच्यानंतर आलेली मरी लुईजही इथेच. आंत्वानेत पॅरिसजवळ सेंट डेनिसला.

तळघरातून वर आले तेव्हा पाऊस पडत होता. हॉइमार्क्टला ऑस्ट्रियाची टांकसाळ आहे, तिथल्या दुकानात गेले. पदरवाली अजून पाडतात. अजूनही १७८०. एक घेतलं. कडेवर लॅटिन अक्षरं आहेत, अर्थ न्याय आणि दया. नानांनी कडेबद्दल कधी काही सांगितलं नव्हतं.

घरी आल्यावर नाणं आईच्या हातात दिलं. ती ८४ वर्षांची आहे, मोतीबिंदूची दोन ऑपरेशनं झालेली. तिला मी सगळं सांगितलं, कारोलिनाचं, आंत्वानेतचं, तिघी बहिणींचं. ती ऐकत होती की नाही कळेना, अंगठ्याने नाणं चाचपत होती. मध्येच म्हणाली, "मला सासरी सुनंदा केलं. नाना मात्र पत्रावर कमलच लिहायचे. पोस्टमन विचारायचा, ही कमल कोण?" मग खिडकीजवळ गेली, नाणं उजेडात धरलं आणि नखाने एकेक करत खांद्यावरची पिन मोजली.

"नऊ आहेत," ती म्हणाली. "नानांनी पास केलं असतं."